रंगुबाईंचा घाणा माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक पेनड्राइव्ह आहे. जुना आहे, पण मोडीत घालण्याइतका नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रंग उडाला, टोपणाला चीर गेली, तरी आतलं सामान जागच्या जागी आहे. एवढं पुष्कळांना जमत नाही.

जन्म कारखान्यातला. भिंगारच्या बाजारातून मला निकितानं उचललं. ती पुण्यात मॅकवर, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरवर, काम करते. तिनं आल्या आल्या मला मॅकचं फॉरमॅट दिलं. फॉरमॅट म्हणजे आत सामान लावायची पद्धत. आपल्या स्वयंपाकघरात आपल्याला अंधारातही मीठ सापडतं, परक्या बाईला दिवसाढवळ्या सापडत नाही, तसंच हे. मग तिनं आपल्या आईचा, रंगुबाईंचा, व्हिडिओ माझ्यात ठेवला.

त्यांच्या काष्टी गावात लग्न निघालं की घाणा भरायला रंगुबाई हव्यातच. दोन मुसळं एकत्र बांधायची, उखळात हळद कांडायची आणि बायकांनी गाणी म्हणायची. व्हिडिओ अशाच एका अख्ख्या घाण्याचा. पुढं रंगुबाई वारल्या. व्हिडिओ होता तो निकिताचा जुना कॉम्प्युटरही बिघडला. त्यांचा आवाज उरला तो एकट्या माझ्यापाशी.

मग निकितानं मला काष्टीत ठेवलं आणि सांभाळलं रंगुबाईंच्या धाकट्या जाऊबाईंनी, भागूबाईंनी. खंडेनवमीला विळ्या-खुरप्यांच्या रांगेत बसवून हळदीकुंकू लावलं, तेही थेट तोंडाला. मी ऐटीत बसलो. मान कुणाला नको असतो?

मग भागूबाईंच्या लेकीचं, अश्विनीचं, लग्न ठरलं. घाण्याला सूर थोरल्या बाईंचाच, असं त्यांनी साऱ्या भावकीत सांगून टाकलं. घाण्याच्या आदल्या दिवशी मला घेऊन त्या गावातल्या कल्याण नावाच्या फोटोवाल्याच्या स्टुडिओत गेल्या. त्याचा कॉम्प्युटर विंडोजचा. मला लावताच पडद्यावर प्रश्न आला, आधी फॉरमॅट करायचं का?

“काकू, याच्या तोंडात कुंकू भरलंय तुमी,” कल्याण हसला. “बिघडलाय. व्हय म्हनतो, म्हंजी नव्यावानी हुईल.”

“आन् आतलं?”

“ते जाईल की.”

“हात काढ, मुडद्या! माझ्या जावंला दुसऱ्यांदा जाळतोस व्हय?”

मित्रांनो, त्याचं बोट तिथंच थांबलं. मी वाचलो तो त्या एका ओरडण्यानं.

निकिताला फोन लावला. ती म्हणाली, “काकू, कुंकवानं काही झालेलं नाही. चूक माझी. मी फक्त मॅकचा विचार केला. कल्याणदादाच्या कॉम्प्युटरला ते फॉरमॅट वाचताच येत नाही.”

“बघ रं कल्याण, कुंकवाला नावं ठेवत हुतास!” मग फोनमध्ये, “आन् तू गं? वस्तू देताना घेनाऱ्याच्या घरी चालंल का, ते बघाया नगं? ये आता मशीन घेऊन!”

सकाळी ती आली. आधी व्हिडिओ मॅकवर उतरवला, चालवून पाहिला, मगच मला रिकामं केलं.

“फॅट थर्टी-टू कर, ते समदीकडं चालतं,” कल्याण म्हणाला.

“त्यात चार जीबीच्या वरची एक फाईल मावत नाही, दादा. हा व्हिडिओ त्याहून मोठा आहे. आणि विंडोजचं एनटीएफएस दिलं, तर माझा मॅक ते वाचेल, पण त्यात काही ठेवू शकणार नाही.”

शेवटी मला एक्सफॅट दिलं. ते मॅक आणि विंडोज दोघांनाही चालतं. मग व्हिडिओ परत माझ्यात ठेवला. कल्याणनं आपला कॉम्प्युटर मांडवात आणला, मी त्याला लागलो आणि रंगुबाईंचा सूर घुमला. बायका उखळापाशी सरकल्या. भागूबाईंनी मुसळ उचललं. तेवढ्यात गाणं मध्येच तोडून पडद्यावरच्या रंगुबाई खेकसल्या, “भागू, मुसळ सरळ धर की!”

ते बोलणं जुन्या घाण्यातलं. पण भागूबाईंनी मुसळ सरळ केलं.

तेव्हा मित्रांनो, मला कुणाच्या हाती देण्याआधी त्याचं यंत्र कुठलं ते विचारा. आतलं दुसरीकडं उतरवल्याशिवाय फॉरमॅटला हो म्हणू नका. आणि खंडेनवमीला कुंकू जरूर लावा. माझा मान आहे तो. फक्त टोपणावर लावा.