गोड्या विहिरीचं पाणी

मिठाच्या बादलीला ओंकारनं लाथ घातली. बादली काठोकाठ भरलेली होती, त्यामुळे ती जागची हलली नाही, आणि ती हलली नाही म्हणून त्याला आणखीच राग आला.

"बोगस माल आहे तुमचा!" तो फोनवर ओरडला. "नवी बादली फोडली आणि टाकीतल्या दगडांना केस उगवले. हे काय मीठ आहे?"

पलीकडे पिंपरीचा संदेश होता. समुद्राच्या माशांसाठी लागणारं मीठ ओंकार त्याच्याकडून घ्यायचा. संदेश काय म्हणाला ते सारिकाला ऐकू आलं नाही, पण नवऱ्याच्या कपाळावरची शीर तटतटलेली दिसली.

"पाणी कोणतं म्हणजे? विहिरीचं. आमच्या घरच्या विहिरीचं. निम्मं गाव पितं ते. पाण्याचं नाव काढायचं नाही, सांगून ठेवतो."

त्यानं फोन पोत्यांवर फेकला आणि आता जवळ कोण आहे ते बघितलं. जवळ सारिका होती. कोपरापर्यंत हात टाकीत घालून ती काचेवरचं शेवाळ खरवडत होती.

"तू पाण्याची टेस्ट नीट करत नाहीस."

"नीटच करते."

"मग हे काय आहे?"

हे काय आहे ते आंधळ्यालाही दिसलं असतं. न्हाणीच्या जाळीत अडकतात तसे हिरवे केस प्रत्येक दगडाला लोंबत होते. त्यांच्यामधून नारिंगी पट्ट्यांचे मासे वाट काढत फिरत होते आणि दर दोन दिवसांनी त्यातला एखादा पोट वर करून तरंगायचा. तळेगावच्या कंपनीतली नोकरी सोडून ओंकारनं या तीन टाक्या गोठ्यात मांडल्या होत्या. लोणावळ्याचे बंगलेवाले आणि हॉटेलवाले हे मासे हौसेनं घेत. मीठ गोड्या पाण्यात कालवायचं की झाला समुद्र. त्यातला थोडा समुद्र अधूनमधून काढून टाकायचा आणि नवा भरायचा, एवढंच काम. पण शेवाळ आल्यापासून ओंकार रोजच पाणी बदलत होता. जुनं पाणी मागच्या भिंतीतल्या पाईपनं बाहेर चारीत जायचं.

पाणी गाळायचं मशीनही त्यानं घेतलं होतं. ते दिवाळीत तुंबलं, तेव्हा त्यानं सरळ विहिरीवर पंप जोडला. दिवाळीपासून उन्हाळाभर काचा आरशासारख्या राहिल्या होत्या. मग पाण्यावर संशय घ्यायचा कुणी? या घरात देवावर संशय घेतला असता तरी चाललं असतं, विहिरीवर नाही.

भिंतीपलीकडून सासऱ्यांचा आवाज आला. दत्तोबा भाताच्या रोपाशी उभे राहून त्या रोपाला शिव्या घालत होते. पावसानं ओढ दिली होती. वाफ्याला विहिरीचं पाणी देऊन त्यांनी रोप उगवून आणलं होतं, आणि आता चारीकडच्या बाजूनं ते पिवळं पडत चाललं होतं.

"टोपी घातली मला त्या कैलासनं! बोगस बी दिलं. येवढं खत घालतोय, तरी शेंडं करपत्यात." मग भिंतीकडे तोंड करून, "सारिका, सांग तुज्या नवऱ्याला, ही काचंची खोकी उचल म्हनावं. माज्या गोठ्यात समिंदर करून ठिवलाय. अवदसा आली घरात."

"उचलतो म्हणावं," ओंकार भिंतीकडे बघत म्हणाला. "सोमाटण्याला शेड बघितलीय मी. पंचमी झाली की बिऱ्हाड हलवतो. सांग त्यांना."

नोकरी सोडल्यापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते सारिकाच्या अंगावर टाकायचं आणि तिनं ते पलीकडे पोचवायचं, अशी पद्धत पडली होती. पोचवताना त्यातलं निम्मं तिलाच लागायचं. आज तिनं काहीच पोचवलं नाही. दोघांनाही सगळं ऐकू आलेलंच होतं.

सोमाटण्याला तिला जायचं नव्हतं. सासरचा फार पुळका होता असं नव्हे. पण इथे ओंकारचा राग चार माणसांत आणि एका अंगणात विभागला जायचा. सोमाटण्याच्या भाड्याच्या खोलीत तो राग आणि ती, अशी दोघंच राहणार होती. ती खोली डोळ्यांपुढे आली की ती घाबरायची, आणि मग आपण घाबरतो याचीच तिला चीड यायची.

दुपारी ती कळशी घेऊन विहिरीवर गेली. दत्तोबा काठावर उकिडवे बसून टबात खत कालवत होते. रोप पिवळं पडायला लागल्यापासून त्यांनी खताचा हात सैल सोडला होता. कालवलेलं पाणी बादलीनं वाफ्याकडे नेऊन ओतलं, परत येऊन टब आणि घमेलं तिथेच विसळलं, खताची रिकामी गोणीही पिळून धुतली. विहिरीचा कठडा त्या बाजूला फुटलेला होता. पांढुरकं पाणी दगडावरून घरंगळलं आणि आत पडलं. चुळुक असा बारीक आवाज आला.

सारिका कळशी धरून उभी राहिली.

"काय बगती?" दत्तोबा म्हणाले.

"काही नाही आबा."

तिनं कळशी भरली ती चुलीपाशी नेली नाही, गोठ्यात नेली. टाकीच्या पाण्याची टेस्ट ती रोज करायची. काचेच्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, आणि पाणी जितकं निळं तितकं त्यात शेवाळाचं खाद्य जास्त. विहिरीच्या पाण्याची टेस्ट कुणी कधी केली नव्हती. तिनं नळी हलवली. निळा रंग चढत गेला, टाकीच्या पाण्याला यायचा त्याहून गडद झाला, शाईसारखा.

मग ती मागच्या भिंतीपाशी गेली. पाईपपासून चारीच्या कडेनं चालत वाफ्यापर्यंत गेली. चारीच्या दोन्ही काठांना पांढरी खपली धरलेली होती. तिनं मातीचं ढेकूळ उचलून जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं.

म्हणजे खत विहिरीत जात होतं आणि विहिरीतून टाक्यांत. शेवाळ वाढलं की ओंकार जास्त पाणी बदलत होता, ते खारं पाणी रोपाला जाळत होतं, आणि रोप जळलं की आबा जास्त खत घालत होते. दोघं एकमेकांचं वाटोळं करत होते आणि शिव्या मात्र पिंपरीच्या संदेशला नि फाट्यावरच्या कैलासला बसत होत्या. आणि उरलेल्या शिव्या तिला. सारिकाला भयंकर संताप आला. इतके दिवस ती दोन्हीकडून बोलणी खात होती, आणि कशापायी? दोन गाढवांपायी!

ती तशीच अंगणात आली. दत्तोबा ओट्यावर पाय पुसत होते. ओंकार मोटारसायकलपाशी काहीतरी खुडबूड करत होता. तिनं नळी आणि ढेकूळ ओट्यावर ठेवलं.

"आबा, ही माती चाखून बघा."

"आँ?"

"रोपाच्या कडेची आहे. खारट लागते. ह्यांच्या टाक्यांचं पाणी चारीनं तिकडं जातंय. बियाणं चांगलं आहे, मिठानं मरतंय." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि हे विहिरीचं पाणी. आबा काठावर खत कालवतात, टब तिथंच धुतात. ते पाणी आत पडतं. तेच आपण मिठात घालतोय. शेवाळ खतावर वाढतंय. आणि पितोयही आपण तेच."

दत्तोबांनी बोट मातीला लावलं, जिभेवर ठेवलं.  ओंकारनं नळी उजेडात धरली, फिरवली, परत धरली. आता हे दोघं एकमेकांच्या नरडीला जाणार, असं सारिकाला वाटलं. जाऊ देत, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, असंही वाटलं.

"हिरीला नावं ठिवती व्हय?" दत्तोबा म्हणाले. ते तिच्याकडे बघत होते. "माज्या बापानं सुरुंग लावून खणलीय ती."

"मी विहिरीला नाही म्हणत—"

"तुला कुणी सांगितलं तिथं टेस्ट करायला?" ओंकार म्हणाला. तोही तिच्याकडेच बघत होता.

"त्यो पाईप चारीत कोन सोडतं?" दत्तोबा. "तूच ना?"

"मी सोडते. ह्यांनी सांगितलं तिथं सोडते."

"आन् येवढं दिस दिसलं न्हाई तुला, पानी कुटं जातंय ते?"

"तेच म्हणतोय मी, आबा," ओंकार म्हणाला.

आबा म्हणाला तो. इतक्या दिवसांनी बापाला सरळ हाक मारली, आणि ती यासाठी. सारिकाच्या डोक्यात रक्त चढलं.

"तुम्ही दोघांनी मिळून विहीर नासवली, रोप जाळलं, मासे मारले! आणि चूक माझी?"

"आवाज खाली!" दत्तोबा उभे राहिले. ओंकारही दोन पावलं पुढे आला. अंगण एकदम लहान झालं.

तेवढ्यात सासूबाई, लीलाबाई, पदराला हात पुसत दारात आल्या. दिवसभरात त्या चार शब्दही बोलल्या नव्हत्या, आणि आताही त्या हळूच बोलल्या.

"आवो, कैलासनं मागल्या साली शेजारच्या हनुमंताला बी जुनं बी दिलतं ना? सगळं वाया गेलतं म्हनं त्याचं."

दत्तोबांनी मान वळवली.

"आन् त्यो मीठवाला," लीलाबाई ओंकारला म्हणाल्या, "कधीचा माल देतो, कुनी बगितलंय? खारट तर कसलंबी मीठ लागतं."

 मग दत्तोबांनी बोटाला लागलेली माती झटकली.

"व्हय. कैलासच हाय त्यो. मला त्याच्या तोंडावरनंच कळलतं. उद्या सकाळी जातो आन् बगतोच त्याला."

"मी सोडतो तुम्हाला," ओंकार म्हणाला. "संदेशकडं मग बघू."

सकाळी सारिका मागच्या दारी गेली तर पाईपचं तोंड रस्त्याकडच्या गटाराकडे वळवलेलं होतं आणि वर दगड ठेवलेले होते. खताचा टब विहिरीवरून उचलून लांब आंब्याखाली नेलेला होता. कठड्याच्या भगदाडात ओला चिखल थापलेला होता, त्यावर दत्तोबांच्या बोटांचे ठसे उमटले होते. गोठ्यात पाणी गाळायचं मशीन पोत्याखालून बाहेर निघालं होतं. यातलं कुणी काही बोललं नव्हतं, आणि बोलणारही नव्हतं.

अंगणात ओंकारनं मोटारसायकल काढली. दत्तोबांनी पिवळ्या रोपाची मूठभर जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारली आणि ते मागे बसले. बसताना त्यांनी लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"नीट धरा," ओंकार म्हणाला.

"धरलंय. चल."

गाडी फाट्याकडे गेली. लीलाबाई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आई, त्यांना सगळं कळलंय," सारिका म्हणाली. रात्रभर गिळलेला राग तिच्या आवाजात होता. "पाईप वळवला, टब हलवला. मग कैलासकडं कशाला चाललेत?"

"राग ऱ्हायलाय ना अजून."

"हनुमंतभाऊंचं बियाणं खरंच खराब निघालं होतं?"

"न्हाई. लय चांगलं आलतं."

"मग कैलासचं नाव का घेतलंत तुम्ही?"

लीलाबाईंनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

"तुजं घेत हुते म्हनून."

 सूप पुन्हा हललं. लीलाबाई तांदळाकडे बघतच म्हणाल्या, "माज्या टायमाला नाव घ्यायला फाट्यावर दुकान नव्हतं."

 सारिका आत गेली, फोन घेतला आणि कैलासचा नंबर लावला. कैलास वराळ्याचा, तिच्या माहेरच्या गल्लीतला. लहानपणी तिला सायकलवरून शाळेत सोडायचा. फाट्यावर खत-बियाण्यांचं दुकान टाकलं तेव्हा पहिला पेढा त्यानं तिच्या हातावर ठेवला होता. आबा येतायत, तुझा काही दोष नाही, शटर ओढ आणि घरी जा. एवढंच सांगायचं होतं.

"बोल गं ताई," कैलास म्हणाला. "काय म्हनतंय आबांचं रोप?"

तिच्या ओठांवर वाक्य आलं होतं. अंगणात शांतता होती, सुपातल्या तांदळाचा तेवढा आवाज. गोठ्यात पंपाची एकसुरी घरघर चालू होती. तिच्यावर ओरडायला आत्ता घरात कुणी नव्हतं, आणि ते दोघं परत येतील तेव्हा सगळा राग काढून रिकामे होऊन येतील.

"ताई? ऐकू येतंय का?"

"हो. येतंय."

"आगं, आबाच आले बघ. ओंकारबी हाय संगं! एका गाडीवर दोघं, लय दिवसांनी. या आबा, या, बसा." त्याचा आवाज जरा लांब गेला, परत जवळ आला. "चहा सांगतो त्यांना. फोन ठेवू का?"

"ठेव," सारिका म्हणाली.