उशीखालचं शिसं

थंड पाण्याचा वाडगा. पुलाव शिजवून काळी पडलेली कढई. जर्दाळूचं झाड, ज्याची पानं भर जूनमध्ये गळली. एक ठोकून पाहिलेलं कलिंगड. निळा शिक्का.

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी होते. आता फक्त शिशाचा एक तुकडा उरले आहे. वेळ थोडा आहे, भराभर सांगते.

उझबेकिस्तानातल्या अंदिजानमध्ये साबिरजानच्या टॅक्सीत मी सहा हिवाळे काढले. बर्फाच्या सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली की तो बॉनेटवर थाप मारून म्हणे, "वा गं माझी राणी!" सातव्या हिवाळ्यात त्यानेच मला भंगारात दिलं. त्याचा राग नाही. मेलेली बॅटरी नीट मोडली तर तिच्या शिशातून नवी बॅटरी होते. मी त्याचीच वाट पाहत होते.

नियम असा. मेलेली बॅटरी म्हणजे घातक कचरा. ती दुसऱ्या देशात न्यायची तर दोन्ही सरकारांची लेखी संमती हवी. तिथेही ती फक्त नोंदणी असलेल्या, धुराड्याला गाळणी बसवलेल्या कारखान्यातच जायला हवी. चालू बॅटरीला यातलं काही लागत नाही.

म्हणून कुबात नावाच्या व्यापाऱ्याने ट्रकमध्ये वर चालू बॅटऱ्या रचल्या, खाली आम्हा मेलेल्यांना दडवलं आणि कागदावर लिहिलं, 'वापरण्याजोगा माल'. सरहद्दीवर, किर्गिझस्तानच्या बाजूच्या नाक्यावर अधिकाऱ्याने वरच्या दोघींना मीटर लावला. काटा टुणकन उठला.

"खालच्या काढ बरं."

"साहेब, कलिंगड घेताना एकच ठोकून बघता ना? का अख्खी गाडी ठोकत बसता?"

अधिकारी हसला. मित्रांनो, तो हसला आणि शिक्का उमटला. मी तिसऱ्या थरात होते. मला ओरडता आलं असतं तर

पण नाही आलं.

ओश शहराजवळच्या एका गावात, तालासबेकच्या अंगणात आम्हाला उतरवलं. त्याने कुऱ्हाडीने माझं पोट फोडलं, आतलं आम्ल जर्दाळूच्या मुळाशी ओतलं आणि शिसं जुन्या कढईत वितळवलं. शेजारीच त्याची पाच वर्षांची मुलगी आइझिरेक राखेत घरं बांधत होती. मग तेच हात रोटीला.

शरद ऋतूपर्यंत तिचं पोट रोज दुखू लागलं. झोपेत दचकायची. बोलता बोलता शब्द अडायचे.

"ओशला मोठ्या डॉक्टरला दाखवू या का?" तिची आई, नुरजादा म्हणाली.

"डॉक्टर काय करणार? भीती बसलीय पोरीला," बुरुलआजी म्हणाली. "ती उतरवायला डोक्यावर पाण्यात शिसं ओतायला हवं. तालास, दे रे जरा अंगणातलं. आमच्या वेळी एवढ्याशासाठी बाजार पालथा घालायचो. आता बघ, दारात ढीग!"

तालासबेकने ढिगातून मलाच उचललं.

पोरीच्या डोक्यावर फडकं धरलं, वर वाडगा. आजीने मला वितळवून पाण्यात ओतलं. मी फुटले. वाफ उठली. आजीने मला उचलून उजेडात धरलं.

"हे बघ कान, ही शेपूट. कुत्रं! याच मेल्यानं भिववलं माझ्या सोनीला."

"आपल्या गल्लीत कुत्रं कुठंय, आई?"

"गप गं सूनबाई. फडकं धर नीट."

तीनदा वितळवलं, तीनदा ओतलं. शेवटी आजीने पोरीच्या कपाळाचा मुका घेतला. मग रीतीप्रमाणे मला चिंधीत बांधून उशीखाली ठेवलं. भीती माझ्यात उतरावी म्हणून.

मित्रांनो, माझ्यात काही उतरत नाही. माझ्यातूनच तिच्यात उतरतं आहे.

आत्ता दुपार आहे. आजी शेजारणीकडे गेली आहे. नुरजादा पाठमोरी शेवयांची कणीक ओढते आहे. आइझिरेक जागी आहे. तिने गाठ सोडली आहे. मी तिच्या मुठीत आहे, आता ओठांपाशी.

नाक्यावर उभे असाल तर तिसरा थर काढा. कुणी कितीही हसवलं तरी काढा. कुणाच्या अंगणात शिशाची कढई दिसली तर आधी मुलांना लांब न्या. आणि इथे, या घरात, कुणीतरी या. नुरजादा, बाई, एकदा वळून बघ. एकदाच

मे महिन्यात, ट्रक येण्याच्या आदल्या आठवड्यात, याच आइझिरेकने, एकही शब्द न अडखळता, आजीला फोन लावायला शिकवलं होतं.