मिसेनवरचा सतराचा पाढा

सुनेत्राला जपानला पाठवायचं ठरलं तेव्हा चारुदत्तला घरी बसून चौथा महिना लागला होता. शहाऐंशी साल होतं. कॉम्प्युटरच्या चिप्सच्या धंद्याला अशी काही मंदी आली होती की सनीव्हेलमध्ये रोज कुणाच्या तरी टेबलावरचं सामान खोक्यात भरलं जायचं. चारुदत्तचंही भरलं गेलं. सुनेत्राची कंपनी वेगळी. सिलिकॉनच्या चकत्या ज्या भट्ट्यांमध्ये तापवतात, त्या भट्ट्यांची ती इंजिनिअर. तिची नोकरी टिकली, आणि वर हिरोशिमाजवळच्या एका कारखान्यातली नवी भट्टी तपासायला तिलाच जा म्हणाले.

"तूही चल," ती चारुदत्तला म्हणाली.

"कोण म्हणून?"

"माझा नवरा म्हणून. आणखी कोण म्हणून?"

चारुदत्त डिशवॉशरमध्ये ताटल्या लावत होता. हे काम अलीकडे तो फार गंभीरपणे करायचा. एके काळी हा माणूस कुणाच्याही घरी जेवायला गेला की हसवून हसवून लोकांना ठसका आणायचा. आता फोन वाजला तरी उचलायचा नाही. सुनेत्राला त्याची नोकरी गेल्याचं एवढं वाटत नव्हतं, जेवढं त्याचं हसू गेल्याचं वाटत होतं.

पंधरा वर्षांची सुलेखा जिन्यातून ओरडली, "ओ माय गॉड! डॅड इज गोइंग ॲज द वाइफ!"

झालं. चारुदत्तनं जायचं साफ नाकारलं. शेवटी फ्रीमाँटहून मैत्रीण पद्मजा आली, सुलेखाची बॅग स्वतःच भरली आणि म्हणाली, "ही दोन आठवडे माझ्याकडे. चारू, लग्नानंतर तुम्ही दोघंच असे कुठे गेलायत का रे कधी?"

"यलोस्टोनला गेलो होतो."

"आई-वडिलांना घेऊन! ते नाही धरत. मुकाट्यानं जा."

आणि तो मुकाट्यानंच गेला. विमानात मुका, हॉटेलात मुका. कारखान्यात मात्र पहिल्याच दिवशी गंमत झाली. ओळीनं उभे राहिलेले सगळे साहेब वाकून वाकून आपापलं कार्ड चारुदत्तच्याच हातात द्यायला लागले. पुरुष आहे, म्हणजे इंजिनिअर हाच असणार! चारुदत्तनं प्रत्येक कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, तितकंच वाकून सुनेत्राकडे पास केलं आणि शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "वाइफ." मॅनेजर मोरितासान आधी गोंधळले, मग तोंडावर हात धरून हसले. चारुदत्तच्या ओठाची एक कड जराशी हललेली सुनेत्रानं पाहिली. ती दिवसभर त्या कडेच्या जिवावर काम करत होती.

रविवारी मोरितासान त्यांना मियाजिमाला घेऊन निघाले. समुद्रातलं बेट, बेटावर मिसेन नावाचा पवित्र डोंगर. बोटीतून उतरल्या उतरल्या एका हरणानं चारुदत्तच्या हातातला नकाशा ओढून घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत खाऊन टाकला.

"नो प्रॉब्लेम," मोरितासान म्हणाले. "रोपवे."

सुनेत्रानं जीभ चावली. रोपवेचं तिला आदल्या दिवशीच कळलं होतं, पण तिनं ते नवऱ्यापासून लपवलं होतं. कारण चारुदत्त हा गोल्डन गेट ब्रिजवरूनसुद्धा मधल्या लेनमधून, समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटवर नजर खिळवून ड्राइव्ह करणारा माणूस.

"सुनेत्रा," तारेला लटकत येणारा तो चिमुकला डबा बघून तो म्हणाला, "तुला माहीत होतं."

"बस रे. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

डब्यात ते तिघं, आणि समोर उन्हाच्या टोप्या घातलेल्या दोन म्हाताऱ्या. त्यांच्या मैत्रिणींचा घोळका मागच्या डब्यांमधून येत होता. डबा स्टेशनातून सुटला, खालची झाडं एकदम भाजीच्या जुडीएवढी झाली, आणि चारुदत्तनं डोळे गच्च मिटले. मग त्याच्या तोंडून बारीक आवाजात, शाळेतल्या हेलात सुरू झालं:

"सतरा एके सतरा... सतरा दुणे चौतीस... सतरा त्रिक एक्कावन्न..."

देवाचं नाव आठवलं नाही त्याला. सतराचा पाढा आठवला! सुनेत्रानं पदर... पदर कुठला, तिनं स्कार्फच तोंडात कोंबला. डबा वाऱ्यानं डुलला की पाढ्याचा वेग वाढायचा. समोरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं, मान तुकवली आणि भक्तिभावानं हात जोडले.

"इंडियन प्रेयर?" मोरितासाननी हळूच विचारलं.

"व्हेरी ओल्ड," सुनेत्रा कशीबशी म्हणाली.

वर पोचल्या पोचल्या त्या दोघींनी मागून आलेल्या मैत्रिणींत बातमी फोडली. भारतातून, बुद्धाच्या देशातून, एक सज्जन आलेत आणि ते मंत्र म्हणतात! दहा-बारा म्हाताऱ्यांनी चारुदत्तला मधे घेतलं. कुणी त्याला संत्रं दिलं, कुणी पंख्यानं वारा घातला. त्याचे पाय अजून लटपटत होते, त्यामुळे चाल आपोआपच ऋषितुल्य झाली होती.

शिखराच्या थोडं खाली एक काळवंडलेलं लाकडी देऊळ होतं. आतली आग बाराशे वर्षं विझलेली नाही म्हणतात. तिच्यावर भलामोठा लोखंडी हंडा, धुरानं डोळे चुरचुरत होते. म्हाताऱ्या आगीपुढे ओळीनं बसल्या आणि त्यांच्यातली सगळ्यात बुटकी, जाड भिंगाच्या चष्म्याची हायाशीबाई चारुदत्तकडे वळून काहीतरी बोलली.

"प्लीज," मोरितासान म्हणाले, "वन्स मोअर. फॉर द फायर."

चारुदत्तनं बायकोकडे पाहिलं. "काय करू?" तो मराठीत पुटपुटला. "एखादा खरा श्लोक सांग ना!"

"मला आत्ता एकही आठवत नाहीये," सुनेत्रा म्हणाली, आणि ते खरं होतं. हसू दाबण्यात तिची सगळी बुद्धी खर्ची पडली होती.

तेव्हा चारुदत्तनं खाकरून घसा साफ केला, मांडी घातली आणि भरदार आवाजात पाढा लावला. या वेळी भीती नव्हती, त्यामुळे सूरही चांगला लागला. "सतरा चोक अडुसष्ट! सतरा पाचा पंच्याऐंशी! सतरा सक एकशे दोन! सतरा साते... सतरा साते..."

अडला. म्हाताऱ्या श्वास रोखून बसल्या.

"एकशे एकोणीस," सुनेत्रा खालच्या मानेनं म्हणाली.

"एकशे एकोणीस!" चारुदत्त गरजला.

हायाशीबाईनं डोळे उघडले. तिनं भुवया जवळ आणल्या, आणि मग बोटांवर मोजत, अगदी त्याच हेलात, मान डोलावत म्हटलं, "नि-निन-गा-शि. नि-सान-गा-रोकु. नि-शि-गा-हाचि?"

मोरितासान जागच्या जागी उडालेच. "टू टूज आर फोर!" ते ओरडले. "टू थ्रीज आर सिक्स! मिस्टर चारुदत्त, इट इज मॅथेमॅटिक्स?"

हायाशीबाई शाळामास्तरीण होती. चाळीस वर्षं मुलांकडून पाढे घोकून घेतलेली बाई! ती भाषा कुठली का असेना, पाढ्याची चाल तिच्या कानातून सुटणार कशी?

चारुदत्तचा चेहरा पडला. "सॉरी," तो म्हणाला. "व्हेरी सॉरी. आय वॉज स्केअर्ड."

मोरितासाननी ते जपानीत सांगितलं. मग हायाशीबाई हसली. हसली म्हणजे खाली जमिनीवर कलंडली. तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच. कुणीतरी तिचा पाढा पुढे उचलला, साऱ्या जणी टाळ्या वाजवत म्हणू लागल्या, आणि चारुदत्तनं मधेच सतराचा धरला. दोन्ही पाढे एकमेकांत घुसले. आणि चारुदत्त हसत सुटला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धूर होता की काय होतं कोण जाणे. हसता हसता त्याला ठसका लागला तशी एका म्हातारीनं हंड्यातलं गरम पाणी कपात भरून त्याच्या ओठांना लावलं. सुनेत्रानं तोंडावरचा स्कार्फ काढून टाकला आणि ती इतकी मोठ्यानं हसली की दारातलं हरीण पळून गेलं.

उतरताना चारुदत्त म्हणाला, "मी पायीच येणार. पुन्हा टांगून घेणार नाही." तर सगळा घोळकाही पायीच निघाला. दगडी पायऱ्या, उंच झाडं, मधूनच फटीतून चकाकणारा समुद्र. हायाशीबाईनं चारुदत्तच्या दंडाला धरलं होतं. कोण कुणाला सावरतंय ते कळत नव्हतं. तो तिला मराठी आकडे शिकवत होता. तिला 'एक्कावन्न' फार आवडला. दर वळणावर ती तो मोठ्यानं म्हणायची आणि जंगलातून दुसऱ्या म्हाताऱ्या ओ द्यायच्या.

धक्क्यावर निरोप घेता घेता दोन बोटी सुटल्या. तिसरीत एकदाचे चढले. मोरितासान आत बाकावर जाऊन तत्काळ झोपले. नवरा-बायको कठड्याशी उभे राहिले. उन्हं कलली होती, भरतीच्या पाण्यात किनाऱ्यावरच्या देवळाची लाल कमान उभी होती, वाऱ्यानं सुनेत्राच्या केसांची पार दशा केली होती.

"ए," चारुदत्त म्हणाला, "तुझी कंपनी तुला पुन्हा कुठे पाठवणार आहे का?"

"कशाला?"

"नाही, मला नेशील ना?"

सुनेत्रानं लोकांकडे न बघता त्याच्या गालाची पापी घेतली. शेजारचा शाळकरी पोरांचा घोळका "ओऽऽ" करून ओरडला, आणि चारुदत्तनं त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला.