मॅलकीची लाल विजार

नवऱ्याच्या दारूपायी रडणाऱ्या बायका मी उत्तरेतल्या आमच्या ट्रॉय शहरात गल्लोगल्ली पाहिल्या. जुगारापायी, दुसऱ्या बाईपायी रडणाऱ्याही पाहिल्या. विजारीपायी रडायची पाळी आलेली मी एकटीच असेन. विजार लाल होती आणि इतकी घोळदार, की तिच्या एकेका पायात एक पोर झोपलं असतं. ती होती माझ्या नवऱ्याची, मॅलकी ड्युएनची. ती उतरवायला तो तयार नव्हता. बेड्या घालून फ्लोरिडाच्या बेटावर दगड फोडायला धाडलं तरी बेहत्तर, म्हणत होता.

उत्तर-दक्षिणेचं युद्ध पेटलं तेव्हा आमच्या गावच्या कर्नल टेनब्रुकनी आपखुशीने येणाऱ्यांची पलटण उभी केली. त्याआधी ते श्रीमंतांच्या मुलांना नाच शिकवायचे. आफ्रिकेतल्या फ्रेंच शिपायांची, त्या झुआव्हांची चित्रं त्यांनी कुठेतरी बघितली आणि आपलीही पलटण तशीच दिसायला हवी हे त्यांच्या डोक्यात बसलं. लाल विजार, पिवळ्या गोफाचं आखूड जाकीट, गोंड्याची टोपी, पांढऱ्या पायपट्ट्या आणि कमरेला सात हात लांब शेला. हा शेला एकट्याने बांधता येत नाही. एकाने टोक ताणून धरायचं आणि दुसऱ्याने गिरक्या घेत घेत त्यात स्वतःला गुंडाळून घ्यायचं. सकाळी बिगूल झाला की अख्खी पलटण दोघादोघांनी गिरक्या घेत असायची. दक्षिणवाले तेव्हा चालून आले असते तर हसूनच मेले असते.

मी मॅलकीच्या मागोमाग आले ती धोबीण म्हणून. प्रत्येक कंपनीला धोबिणी ठेवायची सरकारी मुभा होती. पोरबाळ नव्हतं, घरी बसून कोणाचं तोंड बघायचं होतं? ट्रॉयच्या कारखान्यात मी सुट्या कॉलरी धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून हात भाजून घेतले होते. तेव्हा कापडाबद्दल मला कोणी शिकवायला येऊ नये. पलटणीच्या विजारींचं कापड पहिल्या दिवशी हातात घेतलं आणि कळलं, हे कापड नव्हे, लोकरी चिंध्यांचा भुगा दाबून केलेलं सोंग आहे. ते वर्षभरात फाटलं. मग मी ठिगळं लावत बसले. मॅलकीच्या विजारीत शेवटी सरकारचं किती आणि माझं किती, हा वाद घालण्यासारखा होता.

दुसऱ्या वर्षी कर्नल टेनब्रुक दलदलीतल्या लढाईत पडले आणि नवे कर्नल व्हिटलॉक आले. जन्माचे शिपाई. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांनी वसंतात हुकूम काढला, की लाल कापड मिळत नाही, लाल विजार गोळीला लांबून बोलावते, तेव्हा यापुढे सगळ्यांनी इतर फौजेसारखा निळा पोशाख घालायचा.

पलटण बिथरली. पगार थकला तेव्हा जे गप्प होते, बिस्किटांत अळ्या निघाल्या तेव्हा ज्यांनी त्या झटकून बिस्किटं खाल्ली, ते पुरुष विजारीसाठी उठले. छावणीभर भाषणं झाली. कर्नल व्हिटलॉकनी आवाज चढवला नाही. त्यांनी नुसती कॉफी बंद केली. दोन-तीन सकाळी बिनकॉफीच्या गेल्या आणि बंड विरघळलं. सगळ्यांत आधी निळी विजार चढवली सार्जंट एनॉस वॅन ऑर्डनने. हा मॅलकीचा जोडीदार, रोज त्याच्या शेल्याचं टोक धरणारा. शेवटी लाल राहिला तो एकटा माझा नवरा. त्याला पहाऱ्याच्या तंबूत बसवलं. तिथे आधीच दोन पळपुटे पत्ते कुटत होते.

मी सकाळी गेले तर हे महाशय शेल्याचं टोक तंबूच्या खुंटीला बांधून गिरक्या घेत होते. खुंटी उपटून आली. तो पुन्हा ठोकायला लागला.

"विनी, धर जरा," मला बघून म्हणाला.

"मी नाही धरणार."

"खुंटी राहत नाही गं. धर."

"कोण बघणार आहे तुला इथे? हे दोघे?"

"बाई, आम्हाला आवडतं बघायला," पळपुट्यांतला एक पत्त्यांतून मान वर न करता म्हणाला.

मी टोक धरलं. का धरलं विचारू नका. वर्षानुवर्षं त्याचं सगळं धरतच आले होते. तो गिरक्या घेत माझ्याकडे यायला लागला आणि मी तोंड सुरू केलं.

"त्या बेटावर पिवळा ताप आहे."

"असेल."

"गेलेली माणसं परत येत नाहीत, मॅलकी."

"ताणून धर, सैल पडतंय."

"तुझ्या डोक्यात काय दगड भरलेत? सगळ्यांनी घातली. एनॉसने घातली. तू कोण लागून गेलास?"

तो थांबला. शेला संपला होता आणि तो माझ्या अगदी पुढ्यात उभा होता.

"मला कोणी धरून आणलं नाही," तो म्हणाला. "आपल्या पायांनी आलो, आणि आलो ते ह्या विजारीसाठी. सरकारला मी हवा असेन तर विजारीसकट घ्यावं."

"विजार लढते का?"

"पोरवयापासून ओतशाळेत साच्यांत काळी वाळू भरली मी. घरी यायचो तर आपलंच कुत्रं माझ्यावर भुंकायचं. रिव्हर स्ट्रीटवरून पलटण निघाली ना, त्या दिवशी लोकांनी मला पहिल्यांदा बघितलं. मला, विनी."

"मी बघत नव्हते?"

"तू कॉलर बघायचीस. मळलीय का, तेवढं."

असा राग आला मला. त्यात थोडं खरं होतं म्हणून जास्तच आला. शेल्याचं टोक त्याच्या अंगावर फेकलं आणि निघाले.

एनॉसला पाठवलं, तो खाली मान घालून परत आला. "वहिनी, मी थकलो. मला म्हणतो, तू मागेच मेलास एनॉस, कॉफीच्या कपात बुडून. आता ह्यावर मी काय बोलू?" मग पलटणीचे फादर गेले, तर त्यांना विचारतो, तुम्ही काळा झगा सोडून चेकचा सदरा घालाल का? फादर हसले आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले. प्रार्थना कसली करता? त्याच्या कानाखाली एक द्यायची होती.

मग मी स्वतः कर्नल व्हिटलॉकपुढे उभी राहिले. त्यांनी मला बसायला पेटी दिली.

"मिसेस ड्युएन, त्याला धाडायची मला हौस नाही. चांगला शिपाई आहे. पण एकाला सोडलं तर उद्या सगळी पलटण पुन्हा गिरक्या घ्यायला लागेल. सोमवारी कोर्ट बसेल. तोवर त्याने निळी घातली, तर मी ह्यातलं काही पाहिलं नाही."

"आणि नाही घातली तर?"

"तर बेट. त्यात मग माझ्या हातात काही नाही."

शनिवारी दुपारी मॅलकीने मला बोलावणं पाठवलं. मला वाटलं, आला ताळ्यावर. जाते तर कमरेला घोंगडी गुंडाळून बसलेला आणि विजार नीट घडी करून मांडीवर.

"सोमवारी कोर्टापुढे मळकी घालून जाणार नाही," तो म्हणाला. "धुऊन आण. कोमट पाण्यात. आणि पिळू नको, घोळ मोडतो."

मला, ट्रॉयच्या धुलाईवालीला, कोमट पाणी शिकवत होता. मी विजार घेतली आणि काही बोलले नाही. त्याला तिथेच संशय यायला हवा होता, कारण मी कधी काही न बोलता गेलेली नाही.

नदीकाठी चुलीवर माझी कपडे उकळायची काहील चढलेली होती. लोकर उकळत्या पाण्यात घालत नाहीत हे शेंबड्या पोरीलाही कळतं. मी जाळ वाढवला. पाण्याला बुडबुडे फुटले तेव्हा त्यात चुलीची राख ढवळली, जितकी हाताला लागली तितकी, आणि विजार आत सोडली. चुकून नाही. नीट विचार करून, दोन्ही हातांनी. वर दांडक्याने कोंबली. ती फुगून वर यायची, मी पुन्हा दाबायचे. पाणी लाल झालं, मग तपकिरी, मग त्याला नाव देण्यासारखा रंगच उरला नाही. मनात एकच होतं, की नवरा वेडा असला तर असू दे, पण जिवंत असू दे. मग बाहेर काढून तशीच वाफाळती नदीच्या बर्फगार पाण्यात फेकली, म्हणजे उरलंसुरलं आटायचं तेही आटावं. बाहेर आली ती शाळेतल्या पोराला तोकडी पडेल अशी विटकरी, पुठ्ठ्यासारखी कडक वस्तू.

रविवारी सकाळी ती एका हातात आणि सरकारी निळी विजार दुसऱ्या हातात घेऊन मी तंबूत शिरले. रात्रभर उत्तरं तयार केली होती. तो ओरडेल, मी दुप्पट ओरडेन. तो हात उगारेल, मी उगारू देईन. आमचं लग्न असंच चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

तो ओरडला नाही. त्याने ती वस्तू मांडीवर पसरली आणि ठिगळांवरून अंगठा फिरवला. ठिगळं सुती होती, ती आटली नव्हती, गळवांसारखी फुगून वर आली होती.

"तुझी तेवढी शाबूत राहिली," तो म्हणाला.

"मॅलकी, बेटावर तू मेला असतास."

"दे ती इकडे."

त्याने निळी चढवली. कमरेला सैल होती, म्हणून सुतळी बांधली. पळपुटे पत्ते खाली ठेवून बघत होते. पहारेकऱ्याने वाट सोडली आणि मॅलकी बाहेर उन्हात आला. कंपनीने टाळ्या वाजवल्या. कर्नलसाहेबांनी हात मिळवला. एनॉस धावत कॉफीचा कप घेऊन आला आणि मॅलकी ती मुकाट्याने प्यायला, हे मला सगळ्यांत जास्त लागलं.

दिवसभर मी त्याच्या आसपास घोटाळत होते. जेवलास का म्हटलं, तर हो म्हणाला. सुतळीऐवजी पट्टा शोधू का म्हटलं, तर चालेल म्हणाला. रागावलास का म्हटलं, तर नाही म्हणाला. इतकं सभ्य तो माझ्याशी लग्नाआधीही वागला नव्हता. मी स्वतःला बजावलं, की चार दिवस फुगेल, मग एक दिवस टोपी आपटेल, मला नाही नाही ते बोलेल, आणि सगळं सुरळीत होईल. चार दिवसांचा तर प्रश्न.

सोमवारी पहाटे कूच करायचा हुकूम आला. कोर्ट बसलंच नाही. त्याचे सगळे अधिकारी घोड्यांवर बसून नदीकडे गेले होते. बायकांनी आणि आजाऱ्यांनी अलीकडच्या टेकडीवर थांबायचं होतं. मॅलकीला शोधत मी कंपनीच्या तंबूंकडे पळाले, पण ते रिकामे होते. टेकडीवर आले तर खाली होड्यांच्या पुलावरून फौज पलीकडे जात होती. निळ्या टोप्या, निळे डगले, निळ्या विजारी, एकामागून एक, संपतच नव्हत्या. आमची पलटण गेली की जायची होती, तेही समजेना. परवापर्यंत दोन मैलांवरून बोट दाखवून सांगता आलं असतं. मी मॅलकीसारखा एक उंच खांदा नजरेत पकडला, तो पूल ओलांडेपर्यंत त्याच्याबरोबर नजर नेली, त्याच्यासाठी छातीवर क्रूस काढला. मग तसाच दुसरा उंच खांदा आला. त्याच्यामागे तिसरा.

पहाऱ्याचा तंबू टेकडीच्या उतारावरच होता. ते दोघे पळपुटे ऊन खात दारात बसले होते आणि पत्त्यांचा डाव मांडलेला होता. म्हातारा पहारेकरी पाइप ओढत उभा होता.

"ह्यांना नाही नेलं?" मी विचारलं.

"कैद्यांना कोण नेतंय लढाईला, बाई? बंदुकाच देत नाहीत त्यांना."

"मग बेटावर कधी धाडणार?"

"कोर्ट बसल्याशिवाय कुठलं बेट? आणि कोर्ट बसणार लढाई संपल्यावर, साहेबलोक वाचले तर. तोवर बसतील इथेच बिस्किटं चघळत." त्याने पाइप झाडला. "तुमच्या मालकांनी घाई केली. अजून एक दिवस धरून राहिले असते तर आता इथेच असते."

"त्यांनी नाही केली," मी म्हणाले.

कर्नलचा राग आला, कोर्टाचा आला, म्हाताऱ्याच्या पाइपचासुद्धा आला. माझ्या हातांचा तर इतका आला, की ते मी एप्रनखाली घालून ठेवले. नदीपलीकडे झाडीत पहिली तोफ वाजली. पळपुट्याने दचकून पान टाकलं, आणि मग माझ्याकडे बघून जरा सरकला.

"बसा बाई, उभ्या राहू नका," तो म्हणाला. "इथे जागा आहे."

तंबूच्या दारात, त्या दोघांच्या मधोमध, पेंढा एका माणसापुरता दबलेला होता.