दुखवट्याची साडी

“हिलालभाऊ, साडीले फॉल तुम्हीच लावला काय? मंग उसवते न ते बी!”

सुरतेतल्या उधन्याच्या गल्लीत ओट्यावर बसलेल्या दत्तूने हे मोठ्याने विचारले. शेजारचे दोघे हसले. हिलालने मान वळवली नाही. त्याच्या हातात साडी होती आणि खांद्यावर पॅराशूटची बंद थैली.

बारडोलीजवळच्या एका क्लबसाठी तो पॅराशूट शिवत असे. भाचा कुंदन त्याच्याच ओळखीने तिथे विमानातून उड्या मारायला शिकला होता. दोन आठवड्यांपूर्वी ते विमान हवेतच मोडले. कुंदनसह आतले सगळे गेले. आज दुखवटा होता. भावाने साडी न्यायची, बहिणीने ती नेसून शोकातून उठायचे. साडी परत आली, तर माहेर तुटले.

गल्लीचा निष्कर्ष पुराव्याआधीच तयार होता. जन्मभर लूमवर कापड पाहणाऱ्यांना दुसरे कारण सुचले नाही: कापड फाटले, पोरगा मेला. वास्तविक विमानाचा पंख मुळाशी तडकून निखळला होता. तो एका उसात सापडला, उरलेले विमान बरेच दूर दुसऱ्या उसात. गरगरत्या विमानात माणूस भिंतीशी दाबला जातो. दारापर्यंत पोहोचणे त्याच्या शक्तीबाहेरचे असते. हे ऐकून घ्यायला कुणी थांबले नव्हते.

कुंदनची आई, हिलालची बहीण सरलाबाई दारातच उभी होती.

“परत जाय, भाऊ. तुना हातनं कापड मना घरमा नको.”

“सरू, आधी हाई देख.” त्याने विमानाच्या अवशेषांत कुंदनच्या पाठीवर सापडलेली थैली उघडली आणि लाल-पिवळे कापड गल्लीभर पसरले. “कोठे फाटेल शे, दखाड. कुंदननी हाई उघाडंच नई. पंख तुटना, सरू.”

“बघा, नाटकाला पडदापण घेऊन आला!” शेजारची शोभाबाई म्हणाली.

सरलाबाई खाली उतरली. कारखान्यात ती साड्यांतले दोष तपासण्याचे काम करी. तिने शिवणीवर अंगठा ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालत गेली. जिथे दोन पट्टे जुळत होते, तिथे कापड ताणून पाहिले.

“चांगलं शे,” ती म्हणाली.

त्याने साडी पुढे केली.

“तुना टाकावर भरोसा व्हता, म्हणीसन तो वर जाये,” ती म्हणाली. “फाटकं ऱ्हातं, तर तो घरमाच बसता.”

तिने दार लावून घेतले. आतून कडी सरकली.

हिलालने साडी उंबऱ्यावर ठेवली. मग तो पसरलेल्या कापडाकडे वळला. एवढ्या लांबीची घडी घालायला समोरून कुणीतरी टोक धरावे लागते.

“दत्तू, जरा धरतोस का रे?”

दत्तूने विडी पेटवली. बाकीचे दुसरीकडे पाहू लागले.

गटाराच्या कडेला विटा पडल्या होत्या. हिलालने त्यांतली एक उचलली, सदऱ्याला पुसली आणि कापडाच्या टोकावर ठेवली. मग तो दुसऱ्या टोकाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि तळहाताने सुरकुत्या काढू लागला.