ब्रेकरचा दणका आणि देवमाशाची हाक

चऱ्होलीच्या अर्जुनरावांनी घरात मीठ मागितलं, तर शेजारीण वाटी घेऊन दारात यायची. एवढा त्यांचा आवाज! त्याला कारण चाकणचा त्यांचा कारखाना; तिथल्या दणदणाटात ओरडूनच बोलावं लागे. समुद्रात धक्का बांधताना तळात लोखंडी खांब ठोकावे लागतात. ते ठोकणारे अजस्र हातोडे तिथं बनत.

मुलगी विजयश्री इंजिनिअर, त्याच कारखान्यात. कोकणात जाणाऱ्या नव्या हातोड्यावरून बापलेकीची जुंपली.

“आबा, हातोड्याबरोबर भोकं पाडलेल्या पाइपचं कडं पाठवू. खांबाभोवती तळाशी ठेवून त्यातून हवा सोडली, की बुडबुड्यांची भिंत उभी राहते आणि आवाज पुष्कळ अडतो. देवमासे मैलोन् मैल लांबून एकमेकांना हाका मारतात. आपल्या दणक्यात त्या हाका बुडतात. मग ते गप्प होतात, नाहीतर तो भागच सोडून जातात.”

“आगं, देवमासा काय तक्रार घेऊन चाकणला येणार हाय व्हय? हातोडा म्हटला की वाजणारच! कडंबिडं काय न्हाई.”

रविवारी दिघीच्या छबूबाई आपल्या सुजितला घेऊन आल्या. मुलामुलीचं आधीच जुळलं होतं. वडीलधाऱ्यांचा होकार तेवढा राहिला होता. विजयश्री चहा टाकायला आत गेली, आणि शेजारच्या जमिनीत खडक फोडणारा ब्रेकर सुरू झाला. धडाड्‌ धडाड्‌! कपबशा नाचू लागल्या.

छबूबाई हसून म्हणाल्या, “आम्हाला मुलगी पसंत!”

“वसंत?” अर्जुनराव ओरडले. “कोण वसंत? आमच्यात न्हाई कुणी!”

छबूबाईंना त्यातलं फक्त ‘न्हाई’ ऐकू आलं. त्यांचा चेहरा पडला. अर्जुनरावांच्या पत्नी यशोदाबाई “अहो, पसंत, पसंत!” म्हणून कोकलत होत्या, पण नवऱ्याला त्यांचे नुसते ओठ दिसत होते. छबूबाई उठल्या, पदर सावरला आणि सुजितला ओढत निघून गेल्या.

यशोदाबाईंनी कानाशी येऊन खरा प्रकार सांगताच अर्जुनराव तरातरा ब्रेकरवाल्या भैरूकडं गेले.

“बंद कर ते! माझ्या पोरीचं लगीन मोडलं!”

भैरूनं मशीन थांबवलं. “मालक, मी तरी काय करू? बिल्डरला जमीन तुम्हीच दिली की!”

अर्जुनराव आल्या पावली घरी परतले. यशोदाबाई म्हणाल्या, “आता फोन लावा त्यांना. आपल्याकडं फोन तरी हाय. त्या देवमाशांनी काय करावं?”

अर्जुनराव चमकले. अरेच्चा! एक हाक चुकली, तर जुळलेलं लग्न मोडायला निघालं. आणि तिथं पाण्यात रोज किती हाका चुकत असतील! आपण घरात बसून ज्याला शिव्या घालतोय, तेच आपण दुसऱ्याच्या घरात करतोय!

त्यांनी फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलले. “छबूताई, चूक माझी हाय. मला ऐकूच आलं न्हाई. आम्हालाही मुलगा पसंत हाय.”

पलीकडून आधी हुंदका आला, मग हसू.

मग ते लेकीकडं वळले. “तुझं कडं उद्याच कामाला घे. त्याच्याबिगर हातोडा फाटकाबाहेर जायचा न्हाई. बिल्डरलाही सांगतो, ब्रेकरभवती पत्रे लाव म्हणून.”

मंडळी, कारखाने चालले पाहिजेत, धक्के आणि घरंही उभी राहिली पाहिजेत. पण आपल्या कामाचा आवाज कुणाच्या घरात शिरतो, हे आपणच आधी विचारायला हवं. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्यासाठी तर सगळ्यात आधी!