लुंबिनीला नेलेला तंबू

मी तंबू बोलतोय. गोड बोलायची मला सवय नाही, हे आधीच सांगतो. माणसं मला फारशी आवडत नाहीत, लहान मुलं तर मुळीच नाहीत. पाच वर्षं मी बिदरच्या मैलूर भागातल्या एका घराच्या माळ्यावर पडून आहे. खाली माझ्याबद्दल कुणी काहीबाही बोलतं, ते सगळं ऐकू येतं. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड हिरवट कापड, दुहेरी शिवण, कडेनं पितळी कड्या, दोन लोखंडी डांब आणि सोळा खुंटे. ज्यांनी मला शिवलं, त्यांच्यापैकी एकानंही माझ्यात कधी पाठ टेकली नाही. मी फौजेतल्या साहेबांसाठी होतो. पंधरा वर्षं मी वाळूत आणि बर्फात उभा राहिलो. साहेब माझ्यात दाढी करायचे, घरी पत्रं लिहायचे आणि माझ्याच पडद्याला बूट पुसायचे. मग एके दिवशी कुणीतरी माझ्या अंगावर खडूनं फुली मारली. त्यानंतर मी सिकंदराबादला जुन्या मालाच्या ढिगात कितीतरी वर्षं कुजत पडलो होतो.

तिथून मला श्रीपतरावांनी आणलं. ते बिदरला टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढणारा माणूस, त्यामुळं दोर आणि गाठी यांतलं त्यांना कळत होतं. त्यांनी माझी शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि "पक्की हाय," म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल बोललेला तो पहिला बरा शब्द. पण तो घरच्या उंबऱ्यापर्यंतच टिकला.

"हे काय आणलाव?" त्यांच्या बायकोनं, कलाबाईंनी, दारातच विचारलं. त्या नौबादच्या बालवाडीत शिकवायच्या.

"तंबू. लुंबिनीला जायचं न्हवं का आपल्याला, लेकरं घिऊन? त्याच्यासाठी."

"जायचं तर रेल्वेनं जायचं, लॉजवर राहायचं. ह्याचं काय काम?"

"लॉजवर..." एवढं म्हणून श्रीपतराव माझा दोर गुंडाळू लागले.

त्यांनी वाक्य अर्धवट का सोडलं, ते मला पुढं कळलं. दोन वर्षांपूर्वी ही मंडळी अशीच फिरायला गेली होती. एका गावात लॉजच्या वहीत श्रीपतरावांनी आडनाव लिहिलं, पुढच्या रकान्यात धर्म बौद्ध लिहिला. वही आपल्याकडं फिरवून घेत तिथला माणूस म्हणाला, खोली शिल्लक नाही. थोरली मुलगी विशाखा तेव्हा तापानं फणफणली होती. ती रात्र त्यांनी बसस्टँडवर काढली. तेव्हापासून श्रीपतरावांच्या मनानं घेतलं होतं, की पुन्हा कुणाचं दार म्हणून वाजवायचं नाही. आपलं छप्पर आपल्या पाठीवर.

कलाबाईंना ते पटत नव्हतं. त्या माझ्याकडं अशा बघायच्या, जसा मी घरात शिरलेला उंदीर आहे.

"माझी माय जलमभर गावाच्या भाईर राहिली, कुडाच्या खोपीत," त्या म्हणाल्या. "म्या शिकले, नवकरी केली, ह्या घरावर स्लॅब टाकून घेतला. अन् आता सुट्टीत, हौसेनं, आपलेच लेकरं घिऊन पुन्ना भाईर झोपायचं? ते बी परदेशात जाऊन?"

"ते येगळं, हे येगळं."

"काय येगळं हाय? तवा लोकांनी भाईर ठिवलं. आता तुमी ठिवायलाव."

मी साहेबांचा तंबू, आणि ही बाई मला खोप म्हणते! मी मनात तिच्यावर डूख धरला. पुढं कित्येक दिवस मी अंगणाच्या कोपऱ्यात पडून होतो आणि त्या झाडताना केर मुद्दाम माझ्या बाजूला लोटत होत्या.

मधेच शेजारचे तात्याराव उपटले. त्यांचं किराणा दुकान होतं आणि दरवर्षी ते यात्रेची बस काढत. मला पायानं ढकलून बघत ते म्हणाले, "लाइनमनसाहेब, फॉरेनला जायलाव म्हणं. अन् राहणार ह्याच्यात व्हय? सोडा की. माझ्या बसमधी चला. काशी, अयोध्या, काठमांडू, वाटेवर तुमची लुंबिनी. सैपाकी संगं हाय."

"अन् मुक्काम?" कलाबाईंनी विचारलं.

"धर्मशाळेत."

"आमाला घेतील?"

तात्याराव हसले. मनानं वाईट नव्हते ते. तसं असतं तर बरं झालं असतं, राग धरायला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "तुमी कामून खरं सांगायलाव अक्का? लिहायचं देशमुख म्हणून. दोन दिवसाची गोष्ट. कोण बघायलंय?"

सात वर्षांची विशाखा पाटीवर गणित करत बसली होती. तिनं मान वर केली. "अप्पा, परदेशात गेल्यावर नाव बदलावं लागतंय का?"

तिथंच त्या बसचा विषय संपला. कलाबाईंनी चहाची कपबशी तात्यारावांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. लॉजचं श्रीपतराव नाव काढू देत नव्हते, म्हणजे आता दोनच वाटा उरल्या, मी नाहीतर घरी बसणं. चार दिवस नवराबायको एकमेकांशी मुलांच्या मार्फत बोलत होते. "तुझ्या अप्पाला सांग, भाकर झाकून ठिवलीय." "तुझ्या आईला सांग, भूक न्हाई." शेवटी कलाबाईच म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत निंबर्ग्याला जायलोत न्हवं? तिथं लावून दावा हे तुमचं. लेकरं झोपले तर बघू."

निंबर्गा हे त्यांचं माहेर, आळंदच्या बाजूला. मला बसच्या टपावर, कोंबड्यांच्या दोन टोपल्यांशेजारी बांधलं होतं. तो प्रवास मी कुणालाच माफ करणार नाही.

ओढ्याच्या अलीकडं गावचं गायरान होतं, सपाट आणि कोरडं. श्रीपतरावांनी मला तिथं उभं केलं. दहा वर्षांनी मी उभा राहिलो होतो आणि माझं सगळं अंग कडकड वाजत होतं. चार वर्षांचा नागसेन लगेच आत शिरला आणि गुळानं चिकट झालेले हात माझ्या पडद्याला पुसू लागला. मी त्याच्या डोक्यावर शक्य तेवढी धूळ झाडली. तो खिदळला. असली ही मुलांची जात.

तेवढ्यात बळीराम आले. गावातले जमीनवाले शेतकरी. लहानपणी कलाबाई त्यांच्या शेतात भुईमुगाच्या शेंगा तोडायला जायच्या.

"कोण हाय? कला व्हय! अगं, मला वाटलं सर्कस आली."

"सर्कस न्हाई बळीअण्णा, आमचाच तंबू हाय. उद्या काढतो."

"बरं केलाव की. फक्त हितं न्हाई. हे गायरान गावाचं हाय."

"मग आमी कुण्या गावचे?"

"तसं न्हाई गं. तुमची बाजू ओढ्याच्या पल्याड हाय की. तिकडं लाव, चार दिवस ऱ्हा. म्या काय नको म्हणायलो का?"

इतक्या मऊ आवाजात मला कुणीच कधी हाकललं नव्हतं. बोलता बोलताच ते वाकले आणि त्यांनी माझा एक खुंटा उपटला, वाफ्यातलं गवत उपटावं तसा. मग दुसरा. माझी डावी बाजू खाली आली. आत नागसेन रडायला लागला. तिसऱ्या खुंट्याला त्यांनी हात घातला, तेव्हा माझा ताणलेला दोर सुटला आणि पितळी कडी त्यांच्या मनगटावर सणकन बसली. ते चुकून झालं, असं श्रीपतराव नंतर म्हणायचे. चुकून झालेलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," श्रीपतराव मुलाला बाहेर काढत म्हणाले. "आपण पल्याड लावू. काय फरक पडतंय?"

"तुमी बसा तिथंच," कलाबाई म्हणाल्या.

त्यांनी ओढ्यातला एक गोटा उचलून आणला. उपटलेला खुंटा त्याच भोकात धरला आणि ठोकला. पदर खोचलेला. दुसराही ठोकला. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाल्या, "काढा बळीअण्णा. तुमी काढत ऱ्हावा, म्या ठोकत ऱ्हाते. मला आठ दिवस सुट्टी हाय."

बळीरामांनी मनगट चोळत इकडंतिकडं बघितलं. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या दोघीतिघी हात थांबवून बघत होत्या. "चार बुकं शिकली म्हणून..." असं काहीतरी पुटपुटत ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या म्हशी मुद्दाम माझ्या दोरांवरून नेल्या. त्याच्या पलीकडं त्यांना काही करता आलं नाही. आम्ही तिथं दोन दिवस राहिलो. मुलं मेल्यासारखी झोपली.

तीन दगडांच्या चुलीवर पिठलं ढवळत कलाबाई म्हणाल्या, "न्यायचं ह्याला."

श्रीपतरावांचा चेहरा फुलला.

"थांबा. तुमच्यासारखं न्हाई. मुक्कामाच्या गावी आधी दार वाजवायचं. पुरं नाव सांगायचं, धर्म सांगायचा. घेतले तर आत झोपायचं, गादीवर. न्हाई घेतले, तर त्यांच्या दारासमोरच ह्याला ठोकायचं. लांब माळावर न्हाई. दारासमोर."

"अन् पोलीस आले तर?"

"त्यांना बी पुरं नाव सांगू."

त्या बाईवरचा माझा डूख त्या दिवशी गेला असं नाही. पण त्या म्हणाल्या ते मला समजलं.

डिसेंबरात आम्ही निघालो. उत्तरेतल्या एका जंक्शनच्या गावी गाडी बदलायची होती आणि दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी होती. धुकं इतकं होतं की समोरचा टांगा दिसत नव्हता. स्टेशनसमोर एक लॉज होता. कलाबाईंनी स्वतः वहीत लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात. मॅनेजरनं वाचलं, वही बंद केली. "जगह नहीं है."

त्याच्या पाठीमागं खिळ्यांवर चाव्या लटकत होत्या. विशाखानं बोट दाखवून मोजल्या. "आई, अकरा चाव्या हायत."

"मोजून झालं? चल."

फाटकाच्या आत, पायरीच्या अगदी समोर श्रीपतरावांनी मला सोडलं. जमीन दगडासारखी होती. खांब रोवणाऱ्या हातांनी त्यांनी घाव घातले, आणि पायरीजवळच्या खुंट्यावर सगळ्यात जास्त. मॅनेजर ओरडत आला, नोकराला बोलावलं, हात वर करून पोलिसांचं नाव घेतलं. कलाबाई स्टोव्ह पेटवत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

मग लॉजवर उतरायला येणारी माणसं माझ्या दोरांना अडखळू लागली. "ये क्या है?" असं प्रत्येक जण विचारायचा. विशाखाला तेवढं हिंदी येत होतं. ती पायरीवर बसून प्रत्येकाला आपलं पुरं नाव सांगायची, मग म्हणायची, "ग्यारह चाबी है, फिर भी जगह नहीं है." कुणी मान खाली घालून आत गेलं. कुणी आत जाऊन मोठ्यानं भांडलं. एक जाड म्हातारे गृहस्थ सामान उचलून तसेच माघारी गेले. मी तिथं फुगून उभा होतो. इतका दुष्ट आनंद मला फौजेतही झाला नव्हता.

उजाडताच मॅनेजर आला, हातात चावी. "बहनजी, एक कमरा खाली हुआ है."

कलाबाईंनी पडदा बोटभर सारला. "लेकरं झोपलेत," त्या मराठीतच म्हणाल्या. "आवाज करू नका."

पुढं सरहद्द लागली. कुणी काही फारसं विचारलं नाही. चार पावलं टाकल्यावर नागसेननं विचारलं, "अप्पा, परदेश कवा येतंय?" मी गुंडाळून श्रीपतरावांच्या डोक्यावर होतो, मलाही तोच प्रश्न होता.

लुंबिनीत एका लहानशा धर्मशाळेचं दार कलाबाईंनी वाजवलं. एका वयस्क माणसानं ते उघडलं, मुलांचे गारठलेले हात बघितले आणि आत पाणी तापवायला निघून गेला. वही नाही, रकाना नाही. कलाबाई त्याच्या मागं मागं जाऊन आपलं पुरं नाव सांगत होत्या, धर्म सांगत होत्या. दोनदा सांगितलं. त्याला त्यांची भाषा कळत नव्हती. तो हसून मान डोलवत राहिला. कलाबाई तिथंच खाली बसल्या आणि रडल्या.

आणि मी? चार दिवस मी ओसरीत तसाच बांधलेला पडून होतो. मुलं माझ्यावर बसून गाडी गाडी खेळली. ज्या गावासाठी मला विकत घेतलं, ज्या गावासाठी म्हशींच्या पायाखाली गेलो, त्या गावात मला कुणी उलगडलंसुद्धा नाही. हा अपमान मी विसरलेलो नाही.

आता १९९० उजाडलंय. माझा डावा पडदा उंदरांनी खाल्लाय, अंगावर बुरशी आहे. उन्हाळ्यात कलाबाई मला त्या त्यांच्या स्लॅबवर वाळत घालतात आणि काठीनं झोडपतात, लागतं त्यापेक्षा जरा जास्तच. मागच्या महिन्यात तात्याराव मला मागायला आले होते, यात्रेतल्या सैपाक्यासाठी.

"न्या की तात्याराव," कलाबाई म्हणाल्या. "फक्त त्याच्यावर कुणाचा हाय ते लिहिलंय. पुरं नाव. पुसायचं न्हाई."

तात्याराव चहा पिऊन रिकाम्या हातानं गेले.

माझी एकच विनंती आहे, तीही प्रेमानं करत नाही. मला मोजाल तर पंधराच खुंटे भरतील. सोळावा त्या लॉजच्या पायरीसमोर राहिला. त्या सकाळी श्रीपतराव घाम फुटेपर्यंत ओढत होते, तो तसूभर हलला नाही. कलाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या त्याला."

तुम्ही कधी त्या दारातून सहज आत शिरलात, वहीत नाव लिहून चावी घेतलीत, आणि जाता जाता अंगठ्याला ठेच लागली, तर खुशाल शिव्या द्या. पण तो उपटू नका. तो माझा आहे.